टाटा दाम्पत्यासारखे दान आज करता येईल का?

पन्नाशी ओलांडलेल्या, मूलबाळ नसलेल्या एका दाम्पत्याने विचारलेला प्रश्न असा आहे. आपल्या संपत्तीचा मोठा भाग शिक्षण, आरोग्य आणि कला या तीन क्षेत्रांसाठी द्यावा, असे दोघांनी ठरवले आहे. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेटजी टाटा यांचे पुत्र सर दोराबजी टाटा आणि त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांच्या नावाने जे न्यास (ट्रस्ट) उभे राहिले, तसाच आपलाही असावा, अशी त्यांची कल्पना आहे. पतीचा ओढा रुग्णालयाकडे आहे, तर पत्नीला मुलींचे शिक्षण आणि शास्त्रीय संगीत यांसाठी काहीतरी करायचे आहे. टाटा दाम्पत्याने नेमके काय केले आणि त्यातले आज काय करता येते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. सार्वजनिक न्यासांची विश्वस्तपत्रे, म्हणजे न्यासाचा हेतू आणि नियम सांगणारे दस्त, तयार करणे आणि जुन्या न्यासांच्या अडचणी सोडवणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी थोडे सविस्तर उत्तर देतो.

आधी निष्कर्ष सांगतो. टाटांच्या विश्वस्तपत्रामागचा विचार आजही जसाच्या तसा घेण्याजोगा आहे. त्यांनी संपत्ती ज्या स्वरूपात न्यासाच्या हवाली केली, ते स्वरूप मात्र आजच्या प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. बहुतेक मंडळी नेमके उलटे करतात: समभाग न्यासाच्या नावावर ठेवण्याचा आग्रह धरतात आणि विश्वस्तपत्र मात्र एखाद्या ओळखीच्या संस्थेचे मागवून नावे बदलून वापरतात.

मेहेरबाई या म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख असलेल्या होरमसजी भाभा यांच्या कन्या. दोराबजींशी त्यांचा विवाह १८९८ मध्ये झाला. त्यांना अपत्य नव्हते. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना इतका अडचणीत आला की कामगारांच्या पगाराला पैसे उरले नव्हते. त्या वेळी दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता तारण ठेवून इंपीरियल बँकेकडून १ कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. त्या तारणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. कारखाना तरला आणि दागिने परत मिळाले. पुढे जून १९३१ मध्ये मेहेरबाईंचे वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. वर्ष पुरे होण्याच्या आत, १९३२ च्या पहिल्या काही महिन्यांत, दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट आणि स्वतःच्या नावाचा सर दोराबजी टाटा ट्रस्ट असे दोन न्यास केले. ३ जून १९३२ रोजी, पत्नीच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी तिच्या समाधीकडे निघाले असताना, जर्मनीत बाड किसिंगेन येथे त्यांचा मृत्यू झाला. टाटा सन्स ही समूहाची मुख्य कंपनी, इंडियन हॉटेल्स आणि संबंधित कंपन्या यांतील समभाग, जमीनजुमला आणि पत्नीच्या मागे राहिलेले २१ दागिने असे सारे त्यांनी दुसऱ्या न्यासाला दिले होते. त्या काळी त्याची किंमत अंदाजे १ कोटी रुपये धरली गेली.

आता या दोन न्यासांमधला फरक पाहा, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. लेडी टाटा ट्रस्टचा हेतू मुद्दाम अरुंद ठेवला आहे. उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगभरातील रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी आणि एक-पंचमांश भाग भारतातील रोगनिवारणाच्या संशोधनासाठी. ज्या आजाराने पत्नी गेली, त्या आजाराशी हा न्यास थेट जोडलेला आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टचा हेतू याच्या अगदी विरुद्ध, म्हणजे विस्तृत आहे: विद्या आणि संशोधन यांची वाढ, दुःखितांना साहाय्य आणि इतर धर्मादाय कामे, आणि तीही स्थळ, राष्ट्रीयत्व किंवा धर्मपंथ यांचा भेद न करता. व्यक्तिगत शोकाला एक स्वतंत्र, मर्यादित चौकट दिली आणि उरलेल्या मोठ्या संपत्तीवर त्या शोकाची अट लादली नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या कितीतरी स्मारक-न्यासांत हेच साधलेले नसते. मुलगा अपघातात गेला म्हणून सगळी संपत्ती एका गावातल्या अपघात-उपचार केंद्राला जोडली जाते, आणि वीस वर्षांनी महामार्ग दुसरीकडून गेल्यावर विश्वस्तांच्या हाती रिकामी इमारत आणि खर्च न करता येणारे पैसे उरतात.

विस्तृत विश्वस्तपत्राने काय साधले, ते पुढच्या चार संस्थांत दिसते. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए. समाजकार्य, कर्करोग, अणुविज्ञान आणि रंगमंचीय कला. दोराबजींनी १९३२ मध्ये यांतल्या एकाही संस्थेचे नाव लिहून ठेवलेले नव्हते, आणि अणुविज्ञानाची संस्था तर त्या वर्षी कोणाच्या मनातही असणे शक्य नव्हते. तरीही चारही संस्था विश्वस्तपत्राच्या हेतूत बसल्या. डॉ. होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून संशोधन संस्थेची मागणी केली, तेव्हा विश्वस्तांना हेतूच्या शब्दांशी झगडावे लागले नाही. प्रस्ताव चांगला आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आजच्या न्यासांना ती फार लागू आहे. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होते आणि एनसीपीएच्या स्थापनेत जे. आर. डी. टाटांबरोबर ज्यांचा मोठा वाटा होता ते जमशेद भाभा हे होमींचे धाकटे भाऊ. म्हणजे न्यासाच्या दोन मोठ्या कामांमागे संस्थापकांच्या नात्यातली माणसे होती, आणि तरीही पैसा कोणाच्या घरात गेला नाही. संस्था उभ्या राहिल्या आणि सार्वजनिक झाल्या. आज असा प्रसंग आला तर मी विश्वस्तांना सांगेन की नात्याचा उल्लेख सभेच्या इतिवृत्तात स्पष्ट लिहा, संबंधित विश्वस्ताने मतदानात भाग घेऊ नये आणि प्रस्तावावर बाहेरच्या जाणकाराचे लेखी मत घ्या. संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांचे नातेवाईक यांना न्यासाच्या पैशाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लाभ मिळाला, तर प्राप्तिकरातली सूट धोक्यात येते. पुतण्याची वैद्यकीय महाविद्यालयाची फी न्यासातून भरता येईल का, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर मी आता पहिल्या बैठकीतच देऊन टाकतो: येणार नाही.

या संस्थांबाबतचा दुसरा धडा सोडून देण्याचा. टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. मूलभूत संशोधन संस्थेत मुंबई सरकार सुरुवातीपासून भागीदार होते, पुढे केंद्र सरकार आले आणि खर्चाचा मोठा भार त्याने उचलला. न्यासाने पहिला धोका पत्करला, काम होऊ शकते हे दाखवले आणि रोजचा अवाढव्य खर्च ज्याला पेलवेल त्याच्या हाती संस्था दिली. नाव टाटांचेच राहिले, मालकीचा हट्ट राहिला नाही. नवीन देणगीदारांशी बोलताना मला सर्वांत अवघड हाच मुद्दा पटवून द्यावा लागतो. रुग्णालय आपले, शाळा आपली, कायमची आपली, अशी त्यांची इच्छा असते, आणि दहाव्या वर्षी परिचारिकांचे पगार भागवताना तीच गळ्याशी येते.

याच मुंबईत याच्याही आधीचे एक उदाहरण आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी रुग्णालयासाठी १ लाख रुपये देऊ केले आणि कंपनी सरकारनेही आपला वाटा उचलायचा, असे ठरले; १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. कलाशाळेसाठीही त्यांनी १ लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभे राहिले. त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी माहीमच्या खाडीवरील रस्त्यासाठी १,५७,००० रुपये दिले, पण त्यावर कोणाकडूनही टोल घेऊ नये या अटीवर. देणगीची अट कशी असावी, हे मी आजही या उदाहरणावरून सांगतो. अट एकच आहे, ती स्पष्ट आहे, ती वापरणाऱ्याच्या बाजूची आहे आणि ती मोडली तर कोणालाही लगेच दिसेल अशी आहे.

आता आज काय करता येत नाही ते. दोराबजींनी समभाग न्यासाला दिले आणि ते न्यासाकडेच राहिले. आजही टाटा सन्सच्या सुमारे दोन-तृतीयांश भागभांडवलाची मालकी टाटांच्या न्यासांकडे आहे आणि त्यात सर दोराबजी टाटा ट्रस्टचा वाटा सुमारे २८ टक्के आहे. हे चालते, कारण १ जून १९७३ या दिवशी जी मालमत्ता न्यासाच्या कायम निधीचा भाग होती, तिला कायद्याने अपवाद केला आहे. त्या तारखेनंतर स्थापन झालेल्या न्यासाला आपला पैसा कायद्यात नमूद केलेल्या प्रकारांतच गुंतवावा लागतो, आणि खासगी कंपनीचे समभाग त्यात येत नाहीत. दान म्हणून समभाग मिळाले तर ज्या आर्थिक वर्षात ते मिळाले त्या वर्षाच्या अखेरीपासून एका वर्षाच्या आत ते विकून पैसा मान्य प्रकारात न्यावा लागतो. म्हणून आपल्या कंपनीचे समभाग न्यासात कायमचे ठेवून त्याच्या लाभांशावर काम चालवण्याची योजना करसवलत घेणाऱ्या सार्वजनिक न्यासाला जमणारी नाही. समभागच न्यासाला दान करायचे आणि ते न्यासाने मुदतीत विकायचे, की आधी स्वतः विकून, कर भरून, पैसे द्यायचे, याचे गणित मात्र करण्यासारखे असते. व्यक्तीने केलेल्या दानावर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही आणि न्यासाने विक्रीची रक्कम नियमाप्रमाणे पुन्हा गुंतवली तर तिथेही सूट मिळू शकते. व्यवहार करण्याआधी हे आपल्या लेखापालाकडून कागदावर मांडून घ्यावे.

करसवलतीसाठी दान करावे, या कल्पनेत राहू नये. देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी, जिला सगळे अजूनही ऐंशी-जी म्हणतात ती सवलत बहुतेक खासगी न्यासांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, आणि तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. वर्षाचे उत्पन्न २ कोटी असलेल्या माणसाने ५ कोटी दिले तरी हिशेबात २० लाख धरले जातील आणि वजावट १० लाखांची मिळेल. नवी करप्रणाली घेतली असेल तर तेवढीही नाही. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर १९८५ मध्येच रद्द झाला, त्यामुळे इतर काही देशांतल्या श्रीमंतांना त्या कराची जी टोचणी असते, ती इथे नाही. मला ही गोष्ट वाईट वाटत नाही. कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये घाईने केलेले न्यास मी भरपूर पाहिले आहेत आणि त्यांच्या दप्तरांची अवस्थाही पाहिली आहे. आणखी एक गैरसमज आपल्या कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी कंपनीने करायच्या खर्चाचा. कायद्याने काढून ठेवावा लागणारा नफ्याचा २ टक्के भाग हा कंपनीचा, म्हणजे सर्व भागधारकांचा पैसा असतो. तो खर्च करताना आपले नाव पाटीवर लावणे हे दान नव्हे. दोन्हींचे हिशेब, सभा आणि निर्णय वेगवेगळे ठेवावेत.

दाम्पत्य म्हणून दान करताना कागद कोणाच्या नावाने होतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. बहुतेक वेळा संस्थापक म्हणून पतीचे नाव, पत्नी विश्वस्त, आणि तिची स्वतःची संपत्ती, तिचे दागिने, तिच्या माहेरचा जमिनीचा हिस्सा हे सारे त्याच्या संपत्तीत गृहीत धरलेले. माझा सल्ला असा की दोघांनी स्वतंत्र संस्थापक म्हणून सही करावी, कोणी काय दिले याची यादी वेगळी जोडावी आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला एकट्याने हेतू बदलता येणार नाही, अशी तरतूद ठेवावी. आपल्या बाबतीत पतीचा ओढा रुग्णालयाकडे आणि पत्नीचा शिक्षण व संगीत यांकडे आहे, हे मी अडचण समजत नाही. एका न्यासात तीन कामे ठेवली तर वर्षाला कोणत्या कामाला किती, यावर घरात वाद होईल आणि बहुधा रुग्णालय जिंकेल, कारण त्याचा खर्च कधीही संपत नसतो. त्यापेक्षा टाटांप्रमाणे दोन न्यास करण्याचा विचार करावा: मोठा आणि विस्तृत हेतूचा एक, आणि ज्या विषयावर मनापासून प्रेम आहे त्याच्यासाठी लहान, नेमका दुसरा. संगीताचा निधी असा वेगळा ठेवला तरच तो दहा वर्षांनी शिल्लक असेल.

त्याआधी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: स्वतःचा न्यास हवाच आहे का? फेब्रुवारी २०२२ मध्ये सुष्मिता आणि सुब्रोतो बागची तसेच राधा आणि एन. एस. पार्थसारथी या दोन दाम्पत्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणसंस्था आणि ८०० खाटांचे रुग्णालय उभारण्यासाठी ४२५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. त्यांनी नवी संस्था काढली नाही. शंभर वर्षांहून जुन्या, संशोधनाची परंपरा असलेल्या संस्थेला तिच्याकडे नसलेली शाखा दिली. शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही गोष्टी एका देणगीत साधल्या. स्वतःचा न्यास काढून त्यातून इतर संस्थांना देणग्या देण्याचा मार्गही आता पूर्वीइतका सुटसुटीत राहिलेला नाही. न्यासाने वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग हेतूसाठी खर्च करावा लागतो, आणि दुसऱ्या न्यासाला दिलेल्या १०० रुपयांपैकी ८५ च खर्च म्हणून धरले जातात. दुसऱ्या न्यासाच्या कायम निधीसाठी दिलेली रक्कम तर खर्चात धरलीच जात नाही. ज्यांना फक्त चांगल्या संस्थांना पैसे द्यायचे आहेत, त्यांना मी सरळ सांगतो की थेट द्या.

आरोग्याच्या बाबतीत एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवा. एका तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात मी हिशेब तपासायला गेलो होतो, तिथे तळमजल्यावर एका खोलीत चार डायलिसिस यंत्रे होती. त्यांवर देणगीदारांच्या नावाच्या पितळी पाट्या होत्या आणि प्लास्टिकचे वेष्टन अर्धवट काढलेले होते. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवलेली नव्हती, तंत्रज्ञाचे पद मंजूर नव्हते आणि एका वेळच्या डायलिसिसला लागणाऱ्या नळ्या, गाळण्या यांचा खर्च कोणी करायचा हे ठरलेले नव्हते. देणगीदाराने यंत्रे दिली होती. त्याने तंत्रज्ञाचा पाच वर्षांचा पगार आणि दोन यंत्रे दिली असती, तर रुग्णांना उपचार मिळाले असते. म्हणून रुग्णालयाला देताना इमारत आणि उपकरणे यांच्या रकमेइतकेच लक्ष चालू खर्चाच्या रकमेकडे द्यावे, आणि देणगीपत्रात ती वेगळी लिहावी. स्वतःचे धर्मादाय रुग्णालय काढणार असाल तर महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत देण्याचे बंधन आहे, शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. हे बंधन म्हणजे जाच आहे, अशी तक्रार करणाऱ्याने धर्मादाय रुग्णालय काढूच नये.

शिक्षणासाठीच्या देणग्या कशा कालबाह्य होतात, ते एका कलमावरून दाखवतो. जुन्या विश्वस्तपत्रांत असे वाक्य सर्रास आढळते: अमुक तालुक्यातील, शालान्त परीक्षेत संस्कृत विषयात प्रथम आलेल्या विद्यार्थ्यास दरवर्षी ५१ रुपयांचे पारितोषिक द्यावे. तालुक्याचे पुढे विभाजन होते, परीक्षेचे स्वरूप बदलते, शाळेत संस्कृतचे शिक्षक राहत नाहीत आणि ५१ रुपयांत प्रमाणपत्राची चौकटही येत नाही. विश्वस्तांना हेतू बदलण्यासाठी न्यायालयाची दारे ठोठवावी लागतात, आणि वकिलाची फी निधीच्या मुद्दलाहून जास्त असते. त्याऐवजी विश्वस्तपत्रात एवढेच लिहावे की मुलींच्या माध्यमिक आणि उच्च शिक्षणातील अडथळे दूर करण्यासाठी, त्या त्या काळी विश्वस्तांना योग्य वाटेल त्या रीतीने साहाय्य करावे. वसतिगृह, सायकल, फी, संगणक, उद्या आणखी काही, हे विश्वस्त ठरवतील. आपल्या मनातला तपशील, म्हणजे कोणत्या जिल्ह्याला प्राधान्य, कोणत्या विद्याशाखेला, हे विश्वस्तांना उद्देशून लिहिलेल्या स्वतंत्र पत्रात लिहावे. ते कायद्याने बंधनकारक नसते, पण चांगले विश्वस्त ते वाचतात.

कलेला देणगी देणे तिन्हींत सर्वांत अवघड आहे आणि म्हणूनच तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. रुग्ण किती बरे झाले, मुली किती शिकल्या, हे मोजता येते. मैफिलीनंतर काय बदलले, हे मोजता येत नाही, आणि ज्याला प्रत्येक रुपयाचा निकाल आकड्यात हवा असतो तो कलेपासून लांब राहतो. एनसीपीएचा इतिहास पाहा: १९६९ मध्ये भुलाभाई देसाई रस्त्यावरील तात्पुरत्या जागेत सुरुवात, समुद्रात भराव घालून केलेल्या नरिमन पॉइंटच्या जमिनीवर नंतर बांधकाम, १९८० मध्ये टाटा थिएटर आणि जमशेद भाभांच्या नावाचे मोठे नाट्यगृह १९९९ मध्ये. आग लागल्यानंतर पुन्हा उभे केलेले ते नाट्यगृह धरून हे काम तीस वर्षे चालले. एवढा धीर ज्याच्याकडे आहे त्यानेच सभागृह बांधावे. कलेसाठी देण्याचा आणखी एक मार्ग टाटा बंधूंनी दाखवला: सर रतन टाटांचा कलासंग्रह १९२१ मध्ये आणि सर दोराबजींचा १९३३ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाला, जे आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. स्वतःचे संग्रहालय काढण्यापेक्षा संग्रह चालू संस्थेला देणे, आणि त्याबरोबर जतनासाठी निधी देणे, हे नेहमी अधिक शहाणपणाचे ठरते. जतनाच्या निधीशिवाय आलेला संग्रह म्हणजे वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीने खर्चाचीच भेट.

शास्त्रीय संगीतासाठी मी इमारत सुचवणार नाही. तरुण गायक-वादकांना गुरूकडे राहून शिकण्यासाठी तीन ते पाच वर्षांची शिष्यवृत्ती, वयोवृद्ध साथीदारांना औषधपाण्यासाठी मासिक साहाय्य आणि खासगी घरांत पडून असलेल्या जुन्या ध्वनिफितींचे जतन, ही तीन कामे लहान निधीत होतात आणि त्यांना माणसे कमी लागतात. राहता बंगला संगीत विद्यालयासाठी द्यावा, असा विचार असेल तर एक लक्षात ठेवावे की तो एकदा सार्वजनिक न्यासाचा झाला की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. ही तरतूद न्यासांच्या जमिनी वाचवण्यासाठी आवश्यकच आहे, पण बंगल्याची देखभाल कोण करणार याचा हिशेब तिच्याआधी झालेला असावा.

विश्वस्तांबद्दल थोडक्यात. पाच ते सात जण असावेत, निम्म्याहून अधिक नात्याबाहेरचे असावेत, प्रत्येकाची मुदत ठरलेली असावी आणि त्यांत किमान एकाला हिशेब वाचता यावा. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा. हे न केल्यामुळे मृत विश्वस्तांच्या नावावर चाललेले न्यास राज्यात थोडेथोडके नाहीत.

क्रमाबद्दल विचाराल तर मी लगेच न्यास नोंदवायला सांगणार नाही. पहिली दोन वर्षे आपण दोघांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून, तिन्ही क्षेत्रांतल्या मोजक्या संस्थांना मध्यम रकमा द्याव्यात, त्यांच्या कामाच्या ठिकाणी न सांगता जाऊन यावे आणि त्यांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागवून वाचावेत. देणगी रोखीने देऊ नये. २,००० रुपयांवरील रोख देणगीला तसेही वजावट मिळत नाही. कोणत्या कामात आपले मन रमते आणि कोणत्या कामाचे पत्रव्यवहारसुद्धा नकोसे होतात, हे दोन वर्षांत कळते. त्यानंतरही स्वतःचा न्यास हवासा वाटला तर विश्वस्तपत्राचा मसुदा करावा आणि संभाव्य विश्वस्तांना तो आधी वाचायला द्यावा. सही झाल्यावर तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज करावा. प्राप्तिकर विभागाची पहिली नोंदणी तात्पुरती आणि तीन वर्षांसाठी असते. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी अधिकारी विश्वस्तपत्राबरोबरच खर्चाची बिले, लाभार्थ्यांच्या नोंदी आणि सभांची इतिवृत्तेही मागतात, म्हणून हे कागद पहिल्या दिवसापासून नीट लावून ठेवावेत.